रोवलेल्या दाताची निगा
अचलपूरकडे दातवण म्हणजे बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी. हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताला ती चालेल का?

1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. टायटॅनियमचे उपकरण हाडाला असे जखडले, की निघेना! 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाडाने धातूला धरायला काही महिने लागतात. खऱ्या दाताला हाडाशी बांधणारे तंतू इथे नसतात, त्यामुळे हिरडीची सूज हाडापर्यंत लवकर पोचते.

म्हणून पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, रक्ताची गुठळी सुटते. पुढे मिठाचे कोमट पाणी, मऊ ब्रश. जखम भरेपर्यंत काडी दूरच. आणि खर्रा? आम्ही तर कायमचाच नको म्हणू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळते.