चार वॅटांची मर्यादा

अमेरिकेतून कायमचा परत आलो तेव्हा सामानात एक काळे खोके होते. त्याच्या तोंडावर तीन टप्प्यांची कळ आहे : कमी, मध्यम, जास्त. घरची मंडळी त्याला अडगळ म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. तरी ते टाकून देणे मला आजवर जमलेले नाही. का, ते सांगायचे तर आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

सामान्य नागरिकाला बिनतारी यंत्रावर बोलण्याची मुभा अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर दिली. पण सुरुवातीच्या लहरी फार वरच्या होत्या आणि त्यांची यंत्रे महाग. तेव्हा 1958 च्या सप्टेंबरात 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हौशी रेडिओवाल्यांकडून काढून नागरिकांना देण्यात आला. त्यात 23 मार्ग होते. हाच तो ‘सिटिझन्स बँड’, लोकांच्या तोंडी ‘सीबी’. शक्तीला मात्र लगाम होता. यंत्राच्या अखेरच्या टप्प्याला 5 वॅटच पुरवायचे. पुढे हाच नियम ‘बाहेर पडणारी शक्ती 4 वॅट’ असा झाला. म्हणजे रात्री लावून ठेवायच्या लहानशा दिव्याएवढी! यात कंजूषपणा नव्हता, हिशेब होता. मार्ग मोजके, बोलणारे पुष्कळ. एकाचा आवाज थोड्या मैलांत विरला तरच पलीकडच्या गावाला तोच मार्ग वापरता येणार.

हा हिशेब बिघडला तो तेलामुळे. 1973 च्या अखेरीस इंधनाची टंचाई झाली, आणि 1974 च्या जानेवारीत ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कोठे मिळते आणि पोलीस कोठे दबा धरून आहेत, हे ट्रकचालक एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. त्यांचे पाहून साऱ्या देशालाच या यंत्राचे वेड लागले. 1976 साली खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर बोलत. 1 जानेवारी 1977 पासून मार्ग 40 झाले, तरी गर्दी हटेना. आणि गर्दीत माणूस काय करतो? ओरडतो. ओरडण्याचे साधन म्हणजे ‘लिनियर’, अर्थात शक्तिवर्धक. माझे काळे खोके तेच.

वास्तविक शक्तीचे गणित ओरडणाऱ्याच्या बाजूचे नाही. ऐकणाऱ्याच्या यंत्रावरचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट लागते. 4 चे 16 केले, एक घर. 64 केले, दोन. 256 केले, तीन. इतका खटाटोप करून मिळतात ती तीन घरे! त्यात आणखी एक मेख आहे. नुसती कळ दाबली असता जी शक्ती बाहेर पडते, तिच्या चौपट शक्ती बोलण्याच्या भरात क्षणभर लागते. म्हणून 400 वॅट पेलणाऱ्या खोक्याला मूळ यंत्राने एवढेच खाद्य द्यावे की स्वस्थ असताना ते 100 वर राहील. पण काटा 400 वर नाचताना पाहण्यात मौज वाटते. मग शब्दांना वर जायला जागाच उरत नाही. त्यांचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि अवघ्या दहा किलोहर्ट्झवर असलेल्या शेजारच्या मार्गांवर सांडतो. त्याची दुप्पट कंप्रता तर थेट दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या वाहिनीत शिरते.

हे सारे मला ठाऊक होते. मी इंजिनीअर होतो! तरी 1977 च्या हिवाळ्यात, ओहायोत, बारा मैलांवरच्या मित्राशी दहाव्या मार्गावर गप्पा मारताना माझी कळ ‘जास्त’वर असे. एका बर्फाळ रात्री आमच्या बोलण्याच्या फटीत एक वयस्क आवाज शिरला. कोणी ट्रकचालक असावा. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “दोस्ता, तुझा आवाज नवावर सांडतो आहे. तिथे कोणी तरी अडकले आहे.”

नववा मार्ग 1970 पासून संकटात सापडलेल्यांसाठी राखून ठेवलेला. मी खोके बंद केले आणि नवावर गेलो. एका बाईचा बारीक, थकलेला आवाज रस्त्यावरच्या मैलाच्या खुणेचा आकडा पुन्हा पुन्हा सांगत होता. तो आकडा त्या ट्रकचालकाने टिपून घेतला आणि पुढे कळवला. तासाभराने मदत पोचल्याचे कानांवर आले. ती बाई किती वेळ हाक मारीत होती, हे मी कोणाला विचारले नाही. विचारायचा धीर झाला नाही.

बोलण्याची कळ दाबली की या यंत्राचे कान मिटतात. दोन्ही एका वेळी होत नाही. केवळ तोंडाने मोठ्या असलेल्या केंद्राला तिकडचे रेडिओवाले ‘मगर’ म्हणत. त्या रात्री मगर मीच होतो.

1978 साली या पट्ट्यासाठी असे शक्तिवर्धक बनवण्यावर आणि विकण्यावर अमेरिकेत बंदी आली. 1983 मध्ये सीबीचा परवानाही रद्द झाला. मर्यादा मात्र राहिली. 2005 साली आपल्या सरकारनेही या पट्ट्यातली लहान यंत्रे परवान्यातून मोकळी केली, तीही 5 वॅटांच्या आतच. ती बातमी वाचली तेव्हा मी माळ्यावरून खोके खाली काढले. कळ अजून ‘जास्त’वरच होती. ती ‘कमी’वर आणली आणि खोके पुन्हा वर ठेवून दिले.