मान्यताप्राप्त सहायक : भोर समितीपासून अभनपूरपर्यंत

रायपूरच्या दक्षिणेस, धमतरीच्या वाटेवर अभनपूर लागते. छोट्या रेल्वेच्या काळात राजिमचा फाटा येथूनच फुटत असे. १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चाले, आणि रायपूरच्या मराठी घरांतून त्या दिवसांच्या आठवणी आजही निघतात. अशाच एका घरातील परिचितांनी मध्यंतरी मला विचारले, "मुलगी मानसशास्त्राची पदवीधर आहे. माजी सैनिकांच्या वर्तनोपचारात सहायक म्हणून काम करावे असे तिच्या मनात आहे. मान्यता कोणाकडून घ्यायची?"

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर शोधू लागलो तेव्हा मात्र शंभर वर्षे मागे जावे लागले.

प्रथम हे काम काय ते सांगितले पाहिजे. निवृत्त जवानाची झोप रात्री तीनला मोडते, फटाक्याच्या आवाजाने अंग थरथरते, बाजाराच्या गर्दीत तो जात नाही, संध्याकाळी बाटली जवळ करतो. मानसोपचारतज्ज्ञ निदान करतो, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ उपचाराचा आराखडा आखतो. पण आज घराच्या फाटकापर्यंत, पुढच्या आठवड्यात चौकापर्यंत, मग बाजारात अशी पायरीपायरीने सोबत करणारा, झोपेची आणि पिण्याची नोंदवही भरून घेणारा, बिघडले तर वेळीच वर कळविणारा माणूस निराळा लागतो. तोच हा सहायक. त्याने स्वतःच्या बुद्धीने उपचार बदलायचे नसतात. देखरेखीखाली काम करायचे असते. म्हणूनच त्याच्या मान्यतेचा प्रश्न केवळ कागदी नाही. अप्रशिक्षित माणसाने जुनी जखम उकरून काढली, तर ती पुन्हा मिटविणार कोण?

शरीराच्या जखमेसाठी शासनाला फार वाट पाहावी लागली नाही. १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकविणारी क्वीन मेरी संस्था निघाली. पुढे ती खडकीस गेली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले आणि १९७४ मध्ये खडकीलाच पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र. पाय गेला तर तो मोजता येतो, त्याची टक्केवारी ठरते, टक्केवारीवर निवृत्तिवेतन ठरते. दप्तराला असे दुःख समजते. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात १९१५ सालीच आला होता, आणि त्याच सुमारास आपले हजारो जवान फ्रान्सच्या खंदकांत होते. गावी परतलेल्यांपैकी किती जण रात्री जागे राहिले, याची नोंद ठेवणारा रकाना मात्र कोणत्याही नमुन्यात नव्हता.

पहिला रकाना एका सनदी अधिकाऱ्याच्या नावाने उघडला. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, आयसीएस सेवेतले. १९४३ साली नेमलेल्या त्यांच्या आरोग्य समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यातील एक तुलना आजही अस्वस्थ करते : इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयाची एक खाट, हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाची शिफारस दुसरीच आहे. डॉक्टरांबरोबर साहाय्यक कर्मचाऱ्यांनाही मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देशातच द्यावे, असे समितीने म्हटले. म्हणजे अभनपूरच्या मुलीला हवे असलेले पद कागदावर १९४६ पासून सुचविलेले आहे!

शिफारशीतून १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, जी १९७४ मध्ये 'निम्हान्स' झाली. तेथून तज्ज्ञ तयार झाले. सहायकाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला केंद्रीय नोंदवहीत आणले आणि नोंदणीविना व्यवसाय करणे दंडनीय ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसोपचार समाजकार्यकर्ता व परिचारिका यांच्या व्याख्या केल्या. २०२१ च्या संबद्ध आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या अधिनियमाने अखेर अनुसूचीत 'वर्तन विश्लेषक' आणि 'मानसिक आरोग्य साहाय्यक कर्मचारी' ही नावे घातली. संबद्ध व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण सांगितले आणि नोंदणी राज्य परिषदेकडे सोपविली. भोर समितीपासून येथवर पंचाहत्तर वर्षे लागली.

अमेरिकेतील वाचकांना 'आरबीटी' हे प्रमाणपत्र ठाऊक असेल. २०१४ पासून तेथे ४० तासांचे प्रशिक्षण, कौशल्यचाचणी व परीक्षा यांवर वर्तन तंत्रज्ञ नोंदविला जातो. त्याचे काम बहुतेक स्वमग्न मुलांत असते. २०२३ पासून त्या मंडळाने भारतातून नवे अर्ज घेणे थांबविले. तेव्हा ती वाट या मुलीला नाही. ४० तास थोडे की २,००० फार, यावर वाद होऊ शकेल. आपल्याकडे वादाला आरंभच उशिरा झाला.

आता राहिले 'माजी सैनिकांसाठी' हे शब्द. त्यांच्यासाठी वेगळी अशी मान्यता नाही. २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे, तिची पॉलिक्लिनिके आहेत. त्यांच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती मी अधूनमधून चाळतो. वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, परिचर्या सहायक, औषधनिर्माता, चालक, सफाईवाला ही पदे भेटतात. वर्तनोपचार सहायक मला अद्याप भेटलेला नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सेनादले व त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'टेलि-मानस'चा स्वतंत्र कक्ष उघडला, ही चांगली गोष्ट झाली. पण दूरध्वनीवरचा माणूस बाजारापर्यंत सोबत येऊ शकत नाही.

ही सोबत प्रत्यक्षात कोण करतो, ते मी सेवाकाळात पाहिले आहे. एका जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त हवालदार दर सोमवारी येत. त्यांची कागदपत्रे केव्हाच पूर्ण झाली होती. तरीही ते बाकावर बसत, आणि तेथला कल्याण संघटक, जो स्वतः माजी सैनिक होता, त्यांना चहा देऊन तासभर ऐकून घेई. महाराष्ट्रात हे पद माजी सैनिकांतूनच भरतात. गावोगाव फिरणे, वीरपत्नींची प्रकरणे मार्गी लावणे हे त्याचे काम. ऐकणे त्याच्या कर्तव्यसूचीत नव्हते आणि ते त्याला कोणी शिकविलेही नव्हते. एकदा हवालदारांनी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तेव्हा पुढे काय करावे हे त्याला सुचेना. तो माझ्याकडे आला, आणि मलाही सुचेना. सुदैवाने एक वैद्यकीय अधिकारी त्याच दिवशी धावून आले. दुसऱ्या दिवशी मी कर्तव्यसूची पुन्हा वाचली. माझे मत तेव्हापासून पक्के आहे : नवे पद निर्माण होईल तेव्हा होवो, आधी या संघटकाला शिकवा आणि त्याच्याजवळ नोंदणीकृत सहायक बसवा.

परिचितांच्या मुलीला मी तिन्ही कायद्यांची नावे कळविली. सोबत लिहिले, की आधी महिनाभर रायपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसण्याची परवानगी माग. तिचे उत्तर आले, "तो अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा?"