कामकरी शेतकरी पक्ष, मुंबई

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणगावात कार्य करणारी साम्यवादी विचारसरणीची एक लहान राजकीय संघटना. ‘वर्कर्स अँड पेझंट्स पार्टी’ या इंग्रजी नावानेही ती ओळखली जाई. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेला शेतकरी कामगार पक्ष तिच्याहून वेगळा होय.

काँग्रेसमधील डाव्या मताच्या काही कार्यकर्त्यांनी १९२६ मध्ये मुंबईत एक मजूर गट स्थापन केला होता. १९२७ च्या प्रारंभी त्याचेच या पक्षात रूपांतर झाले. ट्रेड युनियन काँग्रेसचे माजी अध्यक्ष धुंडिराज ठेंगडी हे पक्षाचे अध्यक्ष व शां. सा. मिरजकर हे चिटणीस होते. स. वि. घाटे, के. नी. जोगळेकर आणि र. शि. निंबकर हे इतर प्रमुख कार्यकर्ते. कानपूर कटाच्या खटल्यातील शिक्षा भोगून सुटल्यावर श्री. अ. डांगे हेही पक्षात आले. काँग्रेसच्या अंतर्गत राहून संपूर्ण स्वातंत्र्याचा आग्रह धरावा व त्याच वेळी कामगार-शेतकऱ्यांच्या स्वतंत्र संघटना उभाराव्यात, असे पक्षाचे धोरण होते. मे १९२७ मध्ये क्रांति हे पक्षाचे मराठी साप्ताहिक निघाले. ब्रिटिश साम्यवादी फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली यांचे साहाय्य पक्षास लाभले.

गिरणगावातील कार्य : पक्षाचे सभासद मोजकेच व बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गीय होते. परळ, भोईवाडा, नायगाव, लालबाग व डिलाईल रोड या भागांत मात्र कोकण व देशावरून आलेल्या गिरणी कामगारांची दाट वस्ती होती. गिरणीतील भरती व बडतर्फी जॉबरच्या हाती असे. चाळीतील खोली, वाण्याची उधारी आणि गावकीचे संबंध यांवरच कामगाराचा निभाव लागे. त्यामुळे केवळ कचेरीतून चालणाऱ्या संघटनेस येथे वाव नव्हता. कार्यकर्त्यांनी गिरण्यांच्या दारांशी व चाळींच्या आवारांत सभा घेण्याची पद्धत अवलंबिली. सायमन आयोग ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईस आला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ पक्षाने कामगारांची मोठी मिरवणूक काढली.

याच सुमारास गिरणीमालकांनी थोड्या कामगारांकडून अधिक काम घेण्याची योजना आखली. कताई खात्यात एकाऐवजी दोन बाजू व विणाई खात्यात दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती होऊ लागल्याने बेकारीची धास्ती पसरली. एप्रिल १९२८ मध्ये सु. दीड लाख कामगार संपावर गेले. मेमध्ये गिरणी कामगार यूनियन (लाल बावटा) स्थापन झाली. अर्जुन आत्माराम आळवे हे तिचे अध्यक्ष स्वतः गिरणी कामगार होते. ना. म. जोशी यांच्या नेमस्त संघटनेसह संयुक्त संप समिती नेमण्यात आली. सुमारे सहा महिने चाललेला हा संप ऑक्टोबरमध्ये, फॉसेट चौकशी समितीच्या नियुक्तीनंतर मिटला. गिरण्यांत कामगारांच्या समित्या स्थापन झाल्या आणि वर्षअखेरीस यूनियनची सभासदसंख्या सु. ५४,००० झाली.

अस्पृश्यांचा प्रश्न : विणाई खाते अधिक वेतनाचे होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने विटाळाच्या सबबीवर तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा मज्जाव उठविण्याची मागणी संप समितीपुढे ठेवली. समितीने ती नाखुशीनेच स्वीकारली. वर्गाची एकजूट सांगणाऱ्या चळवळीची ही मोठी उणीव होती. १९२९ च्या संपास डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, त्याची पार्श्वभूमी येथे दिसते.

अखेर : डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्यास विविध प्रांतांतील अशा पक्षांची अखिल भारतीय परिषद भरली, परंतु त्याच वर्षी साम्यवादी आंतरराष्ट्रीयने दोन वर्गांच्या संयुक्त पक्षाची कल्पना त्याज्य ठरविली होती. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड होऊन मीरत कटाचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, ठेंगडी यांसह आळवे व गो. रा. कासले हे गिरणी कामगारही त्यात आरोपी होते. ठेंगडी खटला चालू असतानाच निधन पावले. अनुभवी नेतृत्वाविना एप्रिल १९२९ मध्ये सुरू झालेला संप अयशस्वी ठरला, यूनियन दुबळी झाली व पक्ष संपुष्टात आला. १९३३ मध्ये बहुतेक आरोपींना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या बऱ्याच कमी केल्या.

मूल्यमापन : पक्षाचे आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे, पण मोजक्या कार्यकर्त्यांच्या संघटनेने एका औद्योगिक शहरातील बहुसंख्य कामगारांचा विश्वास मिळविला, हे तिचे वैशिष्ट्य होय. हा विश्वास संघटनेच्या सिद्धांतापेक्षा प्रत्यक्ष गाऱ्हाण्यांच्या निवारणावर आधारलेला होता. गिरणी समित्यांत तयार झालेल्या कामगारांना वरच्या नेतृत्वात पुरेसे स्थान मिळाले नाही. म्हणून एका दिवसाच्या धरपकडीने सर्व रचना खिळखिळी झाली. तथापि लाल बावट्याची परंपरा टिकली. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या संपात साम्यवादी व डॉ. आंबेडकर एकत्र आले, तेव्हा दहा वर्षांपूर्वीची उणीव काही अंशी भरून निघाली.