‘माम्बो?’ : एका विचारपुशीचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासांत मोठमोठ्या शोधांची नोंद होते. आज एका लहानशा शब्दाची हकीकत ऐका. केनियांत एच्‌.आय्‌.व्ही.च्या रोग्यांस औषध मिळूं लागलें. पण तें रोज न चुकतां घेणें कठीण. दवाखाने दूर, परिचारिका थोड्या. भ्रमणध्वनि मात्र गरिबाच्याहि हातीं आला होता.

२००७ सालीं नैरोबी व काजियाडो येथें प्रयोग सुरू झाला. दर आठवड्यास रोग्यास लघुसंदेश जाई : ‘माम्बो?’ म्हणजे स्वाहिलींत ‘कसें काय?’ त्यानें ४८ तासांत ‘सावा’ (ठीक) किंवा ‘शिदा’ (अडचण) असें कळवावें. अडचण निघाली किंवा उत्तरच न आलें, तर परिचारिका स्वतः बोले. संदेशांत रोगाचें नांव नसे. त्यामुळें गुपित फुटत नसे.

२०१० सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ५३८ रोग्यांपैकीं संदेश मिळणाऱ्यांत शेकडा ६२ जणांनीं औषध नेमानें घेतलें; इतरांत शेकडा ५० जणांनीं. म्हणजे शेकडा ३८ तरीहि मागें राहिलेच.

मीं आयुष्यभर वर्गांत हजेरी घेतली. ‘हजर’ म्हणणाऱ्याची काळजी नसते. जो उत्तर देत नाहीं, त्याच्या घरीं जावें लागतें. त्या संदेशाचें सामर्थ्यहि यंत्रांत नव्हे, मौनाची दखल घेणाऱ्या माणसांत होतें.