कॅम्प सेंच्युरी : ग्रीनलंडच्या हिमस्तरातील लष्कर व विज्ञान (१९५९-१९६७)

शीतयुद्धकाळात आर्क्टिक प्रदेशास जे सामरिक महत्त्व प्राप्त झाले, त्यामागे भूगोलाचे साधे गणित होते. सोव्हिएत संघ व अमेरिका यांच्यातील सर्वांत जवळचा हवाई मार्ग उत्तर ध्रुवाकडून जात होता. १९५१ च्या करारान्वये डेन्मार्कने अमेरिकेला ग्रीनलंडमध्ये लष्करी तळांची मुभा दिली आणि थुले येथे मोठा हवाई तळ उभा राहिला. १९५३ मध्ये तेथील इनुइट कुटुंबांना उत्तरेकडे काणाक येथे हलविण्यात आले. ध्रुवीय संशोधनाच्या इतिहासात या विस्थापनाचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः आरंभ तेथूनच करावयास हवा.

थुलेपासून सुमारे २४० कि.मी. पूर्वेस अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने १९५९ मध्ये हिमस्तराच्या पोटात 'कॅम्प सेंच्युरी' उभारण्यास प्रारंभ केला. बर्फात खंदक खणावयाचे, त्यांवर पोलादी कमानी बसवावयाच्या व पुन्हा बर्फ लोटावयाचा, अशी ही रचना. सुमारे २०० माणसांची सोय होती. विजेसाठी 'पीएम-२ए' ही भाग सुटे करून नेता येणारी अणुभट्टी होती. जगापुढे हा तळ संशोधन केंद्र म्हणून मांडला गेला. त्यामागे मात्र 'आइसवर्म' ही योजना होती : सुमारे ४,००० कि.मी. लांबीच्या बोगद्यांत ६०० क्षेपणास्त्रे दडवून फिरती ठेवणे. १९९७ च्या डॅनिश अहवालातून ती उघड झाली.

यावरून विज्ञान हा निव्वळ पडदा होता, असे अनुमान काढणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरते. बर्फ किती वेगाने सरकतो व दबतो, हे लष्करालाच जाणून घ्यावयाचे होते. भिंती आत सरकू लागल्या, छते खचू लागली. त्या तोडून-तासून रुंद ठेवण्यात मनुष्यबळ खर्ची पडू लागले. हिमस्तराची ही गतीच योजनेच्या मुळावर आली. १९६४ मध्ये अणुभट्टी काढून नेण्यात आली आणि १९६७ मध्ये तळ सोडण्यात आला.

तत्पूर्वी, १९६६ मध्ये, सैन्याच्याच शीतप्रदेश प्रयोगशाळेच्या पथकाने सुमारे १,३८७ मीटर खोल वेधन करून तळाचा खडक गाठला. विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने त्या हिमगाभ्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे मापन केले आणि १९६९ मध्ये चेस्टर लँगवे आदी सहकाऱ्यांसह सुमारे एक लाख वर्षांचा हवामानपट प्रसिद्ध केला. ज्या देशापासून योजना लपविली, त्याच देशाच्या शास्त्रज्ञाने त्या तळाला कायमचे वैज्ञानिक मूल्य दिले! गाभ्याच्या तळाशी मिळालेली गोठलेली माती पुढे कित्येक दशके दुर्लक्षित राहिली. २०२१ मध्ये तीत वनस्पतींचे अवशेष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २०२३ च्या अभ्यासानुसार सुमारे ४,१६,००० वर्षांपूर्वी ही भूमी हिममुक्त होती.

अणुभट्टी हलविली, तरी डिझेल, सांडपाणी, पीसीबीसारखी विषारी रसायने व काही किरणोत्सारी द्रव बर्फातच राहिले. ते सदैव गाडलेले राहील, असे तेव्हा गृहीत धरले होते. २०१६ च्या एका अभ्यासाने एकट्या डिझेलचे प्रमाण सुमारे दोन लाख लिटर असल्याचा अंदाज वर्तविला आणि हवामानबदलामुळे ते गृहीतक टिकेलच असे नाही, हे दाखवून दिले. पुढील संशोधनाने हा धोका या शतकात संभवत नसल्याचे सूचित केले असले, तरी तो कचरा कोणाचा, याचे स्पष्ट उत्तर १९५१ च्या करारात सापडत नाही.