नळातल्या क्लोरोफॉर्मची कुळकथा

धंतोली ही नागपूरची दवाखान्यांची वस्ती. एका गल्लीत हाडांचे डॉक्टर, वळलं की हृदयाचे. इथे क्लोरोफॉर्म म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १८४७ साली एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात तो हुंगायला दिला आणि पुढे जगभर त्याचा बोलबाला झाला. तो धोक्याचा आहे का, हे तपासायला १८८०च्या दशकात आपल्याकडे हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन आयोगही बसले. शस्त्रक्रियेच्या खोलीतून तो केव्हाच हद्दपार झाला. पण क्लोरिन घातलेलं नदी-तलावाचं पाणी जिथे जिथे जातं, तिथे त्याचा सूक्ष्म अंश जातो. नळ आले की तोही आला.

पाण्यात क्लोरिन घालायची रीत इंग्लंडमध्ये लिंकन शहरात १९०५ साली आणि अमेरिकेत जर्सी सिटीत १९०८ साली रुजली. टायफॉईड, कॉलरा झपाट्याने हटले. मग पुढची सहासष्ट वर्षं त्या पाण्यात आणखी काय तयार होतंय, हे कुणी पाहिलं नाही. पाहायचं साधनही नव्हतं म्हणा.

ते पाहिलं रॉटरडॅमच्या जलखात्यातल्या योहानेस रूक यांनी. हे गृहस्थ आधी बिअरच्या धंद्यातले. बिअरचा वास कशाकशाचा हे ओळखायला बाटलीतल्या द्रवावरची हवा काढून तपासतात. तीच युक्ती त्यांनी पाण्याला लावली. क्लोरिन घालण्याआधी नसलेले पदार्थ नंतर दिसू लागले : क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमिनवाली तीन भावंडं. या चौघांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. १९७४ साली रूक यांचा निबंध छापला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनाही हेच आढळलं. १९७६ साली उंदरांवरच्या चाचण्यांत क्लोरोफॉर्मने कर्करोग होतो असं दिसलं आणि १९७९ साली अमेरिकेने मर्यादा घातली.

आता कुळाचा खरा प्रश्न : यांचा जन्मदाता कोण? सगळे बोट दाखवतात क्लोरिनकडे. माझ्या मते हा अन्याय आहे. निव्वळ शुद्ध पाण्यात क्लोरिन घातला तर हे पदार्थ होत नाहीत. त्यांना लागतो कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, सांडपाणी. पानं कुजून पाण्याला जो पिवळसर चहासारखा रंग येतो, त्यातल्या ह्यूमिक आम्लांवर क्लोरिन तुटून पडतो आणि क्लोरोफॉर्म सुटतो. पाणी कोमट असेल आणि नळापर्यंत यायला जास्त वेळ लागत असेल, तर आणखी. नागपूरला पाणी येतं पेंच आणि कन्हानचं. पेंचचं पाणलोट सागाच्या जंगलातलं, आणि आपला उन्हाळा कसा असतो ते नागपूरकराला काय सांगावं.

गंमत अशी की क्लोरिन घरोघरी पोचवण्यात नागपूरचाच हात मोठा. १९५८ साली इथे स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने विहिरींसाठी दोन मडक्यांची पद्धत काढली. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू. दोन्ही मडक्यांना भोकं. पाण्याखाली मीटरभर सोडायचं, की छोट्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरिन झिरपत राहतो. कमी खर्चात याहून शहाणी युक्ती मी पाहिलेली नाही. तिने कावीळ, हगवण टाळली. तिला दोष देणं कृतघ्नपणाचं होईल.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत एक योगायोग आहे. लिटरमागे क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे, आणि क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. एकाला खालची मर्यादा, दुसऱ्याला वरची, आकडा तोच. दोन्ही पाळायच्या तर क्लोरिन कमी करून चालत नाही. तुरटी घालून, गाळून कुजका माल आधी काढावा लागतो. घरापुरतं सांगायचं तर क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. पाणी झाकण न ठेवता काही मिनिटं खळखळू दिलं की बराचसा उडून जातो. चांगला कोळशाचा फिल्टरही तो धरतो. गरम पाण्याने आंघोळ करताना मात्र न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा.

आणि पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला, तर क्लोरिन आणि जंतूंच्या रकान्यांवर थांबू नका. ट्रायहॅलोमिथेनचा रकाना आहे का ते बघा; नसेल तर मागा.