राउटरचा बिट निवडताना : नवशिक्या कारागिरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

खारघर, तळोजा, उलवे या भागांत नवा फ्लॅट घेतलेल्या घरात ताबा मिळाल्यावर पहिला विषय निघतो तो फर्निचरचा. त्यातून दोन प्रकारची माणसं सुतारकामाकडे वळताना आम्हाला दिसतात. एक, दहावीच्या आसपास शिक्षण सुटलेली आणि एखाद्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकणारी मुलं. दुसरी, सुट्टीच्या दिवशी घरचं शेल्फ, चपलांचं कपाट किंवा मुलांचं अभ्यासाचं टेबल स्वतः करू पाहणारी नोकरदार मंडळी. दोघंही करवत, रंधा, पटाशी यांच्यानंतर लवकरच राउटर किंवा त्याचा धाकटा भाऊ ट्रिमर घेतात. मशीन घेताना चार जणांना विचारतात, बिट घेताना मात्र कुणालाच विचारत नाहीत.

आम्हीही विचारलं नव्हतं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत घरासाठी शेल्फ करायला घेतलं आणि लाकडी डब्यातला पंधरा बिटांचा सेट आणला. पहिल्याच फळीत खाच मारताना बिट हळूहळू खाली सरकत गेला. सुरुवातीला ६ मिमी असलेली खाच शेवटाला ९ मिमी खोल झाली. फळी वाया गेली. तो बिट पूर्ण निसटून उडाला असता तर काय झालं असतं, हे नंतर एका जुन्या कारागिराने समजावलं तेव्हा कळलं. चूक हाताची नव्हती, मापाची होती. म्हणून सुरुवात मापापासून करू.

दांड्याचं माप : सगळ्यात आधी हेच

बिटचा जो गोल दांडा मशीनमध्ये जातो तो शँक. त्याला पकडणारा मशीनचा भाग म्हणजे कॉलेट. आपल्या बाजारात शँकची पाच मापं फिरतात : ६ मिमी, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ८ मिमी, १२ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. ट्रिमरला साधारण ६ मिमी किंवा पाव इंची कॉलेट असतो, मोठ्या राउटरला १२ मिमी किंवा अर्धा इंची.

घोटाळा होतो तो ६ आणि ६.३५ मध्ये. फरक फक्त ०.३५ मिमीचा, डोळ्यांना दिसत नाही. काउंटरवर दोन्हींना सर्रास ‘सहाचा बिट’ म्हणतात. पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिमीचा दांडा घातला तर नट आवळला जातो, हाताला घट्टही वाटतो, पण पकड पुरेशी नसते. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांवर तो सरकतो किंवा सुटतो. १२ आणि १२.७ चंही तसंच. उलट बाजूने मोठा दांडा लहान कॉलेटमध्ये ठोकून बसवला तर कॉलेट कायमचा फाकतो.

उपाय सोपा आहे. मशीनच्या पुस्तिकेत कॉलेटचं माप बघा आणि बिट घेताना व्हर्निअर कॅलिपर सोबत न्या. आपल्या मुलांनी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात हे साधन हाताळलेलं असतं, इथे ते खरोखर कामाला येतं. दोन्ही मापं वापरायचीच असतील तर दोन वेगळे कॉलेट घ्या. कागद किंवा टेप गुंडाळून दांडा जाड करण्याचा जुगाड कधीही करू नका.

बसवताना दांडा पूर्ण आत घालायचा आणि मग दोन-तीन मिमी बाहेर ओढून नट आवळायचा. तळाला टेकलेला बिट नीट घट्ट होत नाही. दांडा जिथे पात्याकडे रुंद होतो, तो गोलाकार भाग कॉलेटच्या पकडीत येऊ द्यायचा नाही. बिट बदलताना मशीनचा प्लग बोर्डातून काढलेला असला पाहिजे. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

पातं कशाचं आहे?

स्वस्त बिट हायस्पीड स्टीलचे असतात, बाकीच्यांच्या पात्याला कार्बाइडचे तुकडे जोडलेले असतात. स्टीलला धार छान लागते, पण प्लायवूडमधला गोंद आणि एमडीएफमधलं रेझीन ती लवकर खातं. सागवानात तर नैसर्गिक सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ. आपल्याकडचं बहुतेक काम प्लाय, सनमायका आणि सागाच्या पट्टीचं. त्यामुळे कार्बाइडचाच बिट घ्यावा.

दुकानात बिट हातात घेऊन तीन गोष्टी बघा. कार्बाइडचा तुकडा जाडसर आहे का? त्याचा जोड सलग आहे का, की मध्ये फटी आहेत? बेअरिंग असेल तर ते न अडकता फिरतं का? पंधरा-वीस बिटांच्या स्वस्त सेटमध्ये यातली एखादी गोष्ट हमखास लंगडी असते. शिवाय त्यातले दहा बिट वर्षभर डब्यातून बाहेरच येत नाहीत. तेवढ्याच पैशात चार चांगले बिट येतात, आणि सुरुवातीला तेवढे पुरतात.

पहिले चार बिट

१. सरळ बिट. खाच आणि झिरी मारायला. पहिला ६ मिमीचा घ्या, पुढे १२ मिमीचा. बिटच्या तळालाही धार आहे का ते तपासा. नसेल तर तो लाकडात सरळ खाली उतरत नाही, जागेवर जाळतो. आणखी एक गोष्ट : ‘६ मिमी’ म्हणून मिळणारी प्लाय अनेकदा नेमकी ६ मिमी भरत नाही. ड्रॉवरच्या तळाची खाच आधी टाकाऊ तुकड्यावर मारून त्यात प्लाय बसवून बघा. १८ मिमीच्या फळीसाठी खाच हवी असेल तर १८ चा बिट शोधू नका. १२ मिमीच्या बिटने, पट्टीचा आधार धरून, दोन फेऱ्यांत हवी तेवढी रुंदी मिळते.

२. बेअरिंगचा फ्लश ट्रिम बिट. आपल्याकडच्या कामात सगळ्यात जास्त चालतो तो हाच. सनमायका प्लायपेक्षा दोन-तीन मिमी बाहेर ठेवून चिकटवायची, गोंद पूर्ण वाळू द्यायचा आणि मग हा बिट फिरवायचा. खालचं बेअरिंग प्लायच्या कडेला टेकून चालतं आणि वरचं पातं जादा सनमायका कापतं. कडेवर गोंदाचा वाळलेला थेंब असेल तर बेअरिंग त्याच्यावरून उडी मारतं आणि तेवढी जागा उंच राहते. म्हणून कड आधी खरवडून साफ करा. बेअरिंगमध्ये गोंद जाऊन ते अडकलं तर ते पात्यासोबतच गरगरतं आणि कडेवर काळा डाग पडतो. बेअरिंग वेगळं मिळतं, बदलता येतं.

३. गोलाईचा बिट, म्हणजे राउंड ओव्हर. घरात चालायला लागलेलं मूल असेल तर टेबलाच्या कोपऱ्याची उंची आणि त्याच्या कपाळाची उंची एकच असते. १८ मिमीच्या फळीला ६ मिमी त्रिज्येची गोलाई छान दिसते. १२ मिमीच्या फळीला मात्र ३ मिमीचीच घ्या. ६ मिमीची दोन्ही बाजूंनी मारली तर दुसऱ्या वेळी बेअरिंगला टेकायला सपाट कडच उरत नाही. प्लायला गोलाई दिली की आतले थर उघडे पडतात. म्हणून आधी कडेला सागाची पट्टी चिकटवून मग गोलाई द्यावी.

४. ४५ अंशांचा चॅम्फर बिट. धारदार कड तिरकी मोडायला. गोलाईपेक्षा हा चुका जास्त माफ करतो, त्यामुळे हात बसवायला चांगला.

या चार बिटांत शेल्फ, स्टडी टेबल, कपाटाची दारं होतात. घरी रिहल करायची असेल तर तिचा एकात एक अडकणारा सांधा करवत-पटाशीचाच, राउटर फक्त कडा मऊ करायला. ओजी, डव्हटेल, रिबेट हे बिट एकेका कामाची गरज पडेल तसे घ्यावेत.

मोठा बिट आणि वेग : एक गणित

नक्षीदार दाराचे रुंद बिट बघून मुलांना मोह होतो. त्यांना आम्ही फळ्यावर एक गणित मांडून दाखवतो. ५० मिमी व्यासाचा बिट एका फेरीत ५० × ३.१४ म्हणजे १५७ मिमी अंतर कापतो. मिनिटाला २२,००० फेऱ्या धरल्या तर त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २०७ किलोमीटर होतो. त्याच फेऱ्यांवर १२ मिमीच्या बिटचं टोक ताशी सुमारे ५० किलोमीटरने धावतं.

म्हणून व्यास वाढला की फेऱ्या कमी करायच्या. ढोबळ नियम असा : २५ मिमीपर्यंत २२ ते २४ हजार, २५ ते ५० मिमीला १८ हजारांच्या आत, त्याहून मोठ्याला १६ हजार किंवा कमी. बिटवर कमाल वेग छापलेला असेल तर तोच अंतिम. वेग कमी-जास्त करायची सोय नसलेल्या ट्रिमरला मोठा बिट लावायचाच नाही. २५ मिमीवरचे बिट अर्धा इंची शँकचे, मोठ्या राउटरमध्ये आणि शक्यतो राउटर टेबलवरच चालवावेत.

हात चालवण्याची दिशा

वरून पाहिलं तर हातातल्या राउटरचा बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. फळीच्या बाहेरच्या कडेने मशीन काट्यांच्या उलट दिशेने न्यायचं, आतल्या चौकटीत काट्यांच्या दिशेने. उलटं नेलं तर बिट लाकूड पकडून मशीन पुढे ओढतो. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. १२ मिमीची खाच चार फेऱ्यांत मारा. लाकूड काळं पडत असेल तर तीन कारणं शोधा : हात फार हळू चालतोय, बिटवर राळ साचली आहे किंवा धार गेली आहे.

फळी दोन क्लॅम्पने बांधलेली हवी. बाह्या वर, ओढणी किंवा गळ्यातला रुमाल बाजूला, हातमोजे नकोत. ते फिरत्या बिटमध्ये अडकतात. चष्मा आणि कानांची हिफाजत हवीच. जुन्या दारा-चौकटीचं लाकूड असेल तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

भुश्श्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुश्श्याला १९९५ मध्येच माणसांत कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. एन९५ मास्क लावा. मुलं झोपतात त्या खोलीत हे काम नको.

खरेदी आणि जपणूक

हार्बर लाइनने पनवेल किंवा वाशीहून मशीदला उतरलं की नागदेवी स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे सुटे बिट हातात घेऊन बघता येतात. ऑनलाइन घ्यायचे तर शँकचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असेल तेच घ्या. १८ वर्षांवरील, हाताने सुतारकाम करून कमावणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. लाभ एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतो. जवळच्या सीएससी केंद्रात चौकशी करावी.

नवी मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बिटच्या दांड्याला गंज चढतो आणि गंजलेला दांडा कॉलेट खराब करतो. काम झालं की राळ पुसा, दांड्यावर तेलाचा हलका हात फिरवा आणि प्रत्येक बिट वेगळ्या भोकात उभा ठेवा. पुढच्या वेळी बसवण्याआधी ते तेल मात्र कोरड्या फडक्याने पुसून काढा, नाही तर पकड सुटते. बिट एकमेकांवर आदळले तर कार्बाइडचे टवके उडतात.

घरातलं मूल हे काम शिकत असेल तर ‘पगार किती?’ याच्याआधी त्याला एक प्रश्न विचारा : ‘तुझ्या मशीनचा कॉलेट किती मिमीचा आहे?’ उत्तर आलं नाही तर पुढच्या जुम्म्याच्या सुट्टीत त्याला व्हर्निअर घेऊन द्या. हुनर हातात यायला वर्षं लागतात, पण तोवर हाताची दहाही बोटं शाबूत राहायला हवीत.